रिप्लेस ऑल

श्यामला येमूलनं सीडी आणली
टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून.
‘वडिलांचं आहे. उघडतं, पण वाचता येत नाही.’

लावली.
पौंडाची खूण, येनची खूण,
डोक्यावर टोपी घातलेले इंग्रजी ई,
मध्येच एक उलटं प्रश्नचिन्ह.
बावीस पानं असली.
परिच्छेद मात्र नीट पाडलेले,
पूर्णविराम जागच्या जागी.

‘मराठीच आहे,’ मी डॉक्टरसारखं म्हणालो,
‘फॉन्ट गेलाय. मजकूर जिवंत आहे.’
साखर पेठेत सत्तावीस वर्षं हाच धंदा माझा.
त्या फॉन्टचं कुलूप असायचं बोटाएवढं,
कॉम्प्युटरच्या पाठीला लावावं लागायचं.
कंपनी बुडाली, कुलूप मुलानं खेळायला नेलं.

कन्व्हर्टरमधून काढलं, तर निम्मं लंगडत आलं.
विणकरचा वणिकर झालेला,
कार्डवरचा रफार पुढच्या घरी जाऊन बसलेला.
तीन रात्री एकेक वेलांटी उचलून
ज्याची त्याला देत बसलो.

मल्लेशम येमूल, जकार्डचे पत्ते पाडणारे.
आलेख कागदावर मोर काढायचा,
मग चौकोन मोजून पुठ्ठ्याला भोकं.
लिहिलंय त्यांनी :
एक भोक चुकलं की मोराचा डोळा जातो,
एका मोराचा नाही,
त्या पत्त्यांवर निघणाऱ्या सगळ्या चादरींतला.

हे मी वाचलं. शुद्धही केलं.

सोळाव्या पानावर होतं :
माग गेला. मागे फक्त बंगारू.
म्हटलं, हाही कन्व्हर्टरचा प्रताप.
भ चा ब, शेवटी फुकटचा उकार.
भंगार केलं.
मशीननं विचारलं, सगळीकडे?
सगळीकडे.
अकरा ठिकाणी झालं.
मी चहा घ्यायला खाली उतरलो.

प्रिंट ती उभ्यानंच वाचत होती.
हसली आधी. मग खुर्ची ओढली.
मोठ्यानं वाचू लागली, आवाज न चढवता :
‘रात्रपाळीहून आलो, भंगारला उठवलं नाही.’
‘भंगारच्या केसांना तेल लावलं, आई दवाखान्यात.’
‘आज भंगारला गणितात पैकीच्या पैकी.’

‘बंगारू,’ ती म्हणाली. ‘सोनं.
घरात मला तेच म्हणायचे.
श्यामला फक्त शाळेच्या दाखल्यावर.’

मी बार्शीचा. सत्तावीस वर्षं या गल्लीत.
समोरच्या घरातून रोज तेलुगू ऐकू येतं,
भांडण कुठलं, लाड कुठला,
सुरावरून कळतं मला.
शब्द कधी विचारला नाही एकही.

अन्डू करायला गेलो. फाइल सेव्ह करून बंद केलेली,
मागे जायला पायरीच नव्हती.
कन्व्हर्टरची पहिली प्रतही जागेसाठी पुसलेली.
उरली सीडी.
पुन्हा ते पौंड, येन, टोपीवाले ई.
सोळावं पान काढलं, ओळ मोजली,
आणि ती सहा-सात वेडीवाकडी अक्षरं सापडली.
मग तीच दुसऱ्या पानावर, तीच पाचव्या,
अकराच्या अकरा ठिकाणी,
एकही न बिघडता.
ज्याला मी कचरा म्हणत होतो
त्यानं शब्द सांभाळला होता,
आणि शुद्ध प्रत माझी.

पैसे घेतले नाहीत म्हणजे फार काही केलं नाही.

जाताना म्हणाली, पहिल्या पानावर
तो शब्द तेलुगूतही टाका.
मोबाइलवर लिहून पेन ड्राइव्हवर दिला.
माझं मशीन जुनं.
पडद्यावर उमटले सहा रिकामे चौकोन,
ओळीनं.

‘दिसत नाही इथं,’ मी म्हणालो. ‘नवीन मशीनवर दिसेल.’

ती वाकून बघत राहिली.
बोटानं काच न शिवता एकेक चौकोन मोजला.
‘राहू द्या असंच,’ म्हणाली.
‘पत्ता पाडलाय.
त्यांना वाचता आला असता.’